आमचा निळा चौकोन

बर्फात बसून थालीपीठ खायची वेळ माझ्यावर आली ती भुकेमुळे नव्हे. पुढे जायची हिंमत नव्हती आणि मागे जायला वाट नव्हती, म्हणून. दोन्ही बाजूंना पाइनची दाट झाडं, मधे कमरेएवढे बर्फाचे उंचवटे, एकाला चिकटून एक, नुकत्याच नांगरलेल्या शेतातल्या ढेकळांसारखे. वरच्या वळणावर स्कीच्या वाटेची पाटी होती, निळा चौकोन. म्हणजे मध्यम. म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. नवरा दिसतच नव्हता. तो मागे सपाट वाटेवर अडकून, स्नोबोर्ड काखोटीला मारून पायी येत होता. बारा वर्षांची लेक खाली पोचून हात हलवत होती. ते ‘ये ना’ होतं की ‘मी निघाले’, ते एवढ्या वरून कळायला मार्ग नव्हता.

कोलोराडोतल्या त्या डोंगराचं नाव घेत नाही. डोंगराने आमचं काही वाईट केलेलं नव्हतं. आम्हीच नकाशावर निळा रंग बघून निघालो होतो.

माझं माहेर नाशिकचं. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी पायाखालून घातलेले, त्यामुळे उतार आपल्याला नवीन नाही अशी माझी समजूत होती. हरिहरच्या पायऱ्या कितीही उभ्या असल्या तरी तिथे बोटं अडकवायला खोबण्या आहेत आणि ठेवलेला पाय ठेवल्या जागी राहतो. स्कीवर पाय ठेवल्या जागी राहत नाही. डेन्व्हरला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात हिरव्या गोलांवर, म्हणजे सगळ्यात सोप्या वाटांवर, शिकलो. मी स्की घेतले. नवऱ्याने स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच फळी, घेतला, कारण स्कीचे बूट घालून त्याला चालवेना आणि बोर्डाचे बूट मऊ असतात. एवढ्या एका कारणावर माणसं आयुष्यभराचे निर्णय घेतात. दुसऱ्या हिवाळ्यात मी विंचरलेल्या, म्हणजे यंत्र फिरवून सारख्या केलेल्या, उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळू लागले होते. उतार जरा उभा झाला की मात्र पाय आपोआप पिझ्झ्याच्या तुकड्याच्या आकारात यायचे. नवरा बोर्डाच्या टाचेकडच्या आणि चवड्याकडच्या, दोन्ही कडांवर वळायचा, फक्त चवड्यावरचं वळण घेताना त्याच्या चेहऱ्यावर इन्कम टॅक्सची नोटीस आल्यासारखा भाव असायचा. लेकीचं काही सांगण्यासारखं नाही. मुलांना गुरुत्वाकर्षण आपलंसं वाटतं.

थोडक्यात, आम्ही दोघं ‘मध्यम’ होतो. त्या दिवशी संध्याकाळी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मी पहिल्यांदा नीट विचार केला की हे मध्यम ठरवलं कोणी.

अमेरिकेत हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मधला, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे घरच्यांना विचारून जा. युरोपात गेलात तर तिथे निळा सोपा आणि मधला लाल, तेव्हा नुसत्या रंगावर भिस्त ठेवून विमानात बसू नका. ढोबळमानाने पंचवीस टक्क्यांपर्यंतचा उतार हिरवा, पंचवीस ते चाळीस निळा आणि त्याच्या वर काळा, असं सांगतात. पंचवीस टक्के म्हणजे चार फूट पुढे गेलात की एक फूट खाली. आपल्या खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ सदतीस फुटांना एक फूट आहे आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तेव्हा ‘फक्त निळा’ म्हणताना जरा दमाने.

पण खरी गोम पुढे आहे. हे रंग कुठल्या एका खात्याने डोंगरोडोंगरी फिरून, मोजून दिलेले नसतात. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांशी तुलना करून रंग ठरवतं. जिथे सगळंच उभं, तिथला निळा दुसरीकडे काळा ठरू शकतो. शाळेतला पहिला नंबर कुठल्या शाळेतला, हे जसं विचारावं लागतं तसंच. शिवाय रंग सांगतो तो मुख्यतः उताराचा तिरकेपणा. काल रात्री त्यावरून यंत्र फिरलं की नाही, वाट किती रुंद आहे, मधे सपाट पट्टा आहे का, दुपारी ऊन असतं का आणि तळाशी पोचल्यावर तुमच्यासमोर कुठली लिफ्ट उभी राहते, यातलं काहीही तो निळा चौकोन सांगत नाही. आम्हाला नडलं ते हेच. उतार खरोखर निळाच होता. पण कित्येक दिवस यंत्र न फिरलेला, सगळ्यांनी एकाच जागी वळून वळून उंचवटे उठलेला, आणि त्याच्या तोंडाशी पोचायला अर्धा मैल सपाट वाट.

त्या उंचवट्यांना इथे मोगल म्हणतात. मराठी माणसाचं त्यांच्याशी जमायचं नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. आमचं धोरण अजून तेच आहे, समोरासमोरची लढाई टाळायची आणि कडेकडेने निसटायचं.

अकलेची गोष्ट कळली ती दोन आठवड्यांनी, एका चेअरलिफ्टवर. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते, हेल्मेटवर वीसेक वर्षांचे स्टिकर. त्यांनी विचारलं, आज कुठल्या खुर्चीवर आहात? मी डोंगराचं नाव सांगितलं. ते हसले. डोंगर मी विचारलाच नाही, म्हणाले, खुर्ची विचारली. मग वर पोचेपर्यंत त्यांनी मला समजावलं. दिवसभर तुम्ही अख्खा डोंगर फिरत नाही. एका लिफ्टने वर जाता, तिच्याखालच्या चार-पाच वाटांनी खाली येता, पुन्हा त्याच लिफ्टला लागता. तर मग अशी लिफ्ट शोधा जिच्या माथ्यावरून निघणारी प्रत्येक वाट तुम्हाला जमेल. मग चुकून वाट चुकलात तरी बिघडत नाही. माथ्यावर एक निळी आणि सहा काळ्या, अशा लिफ्टवर धुक्यात एक वळण चुकलं की संपलं.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. इथले बरेचसे स्की नकाशे हाताने रंगवलेली चित्रं असतात. त्यातले कितीतरी एकट्या जेम्स नीह्यूज या कोलोराडोच्याच चित्रकाराने काढलेले आहेत. सुंदर असतात, फ्रेम करून लावावेत असे. पण डोंगराच्या चार बाजूंचे उतार एका कागदावर आणायचे म्हणजे डोंगर थोडा पिळावा लागतोच. जी वाट आडवी दिसते ती उभी निघते, जवळचं लांब जातं. मी हळूहळू नकाशा वाचायची माझी रीत बसवली. आधी लिफ्टची रेघ शोधायची आणि माथ्यावर बोट ठेवायचं. तिथून निघणाऱ्या वाटांचे रंग मोजायचे. मग तळाशी बोट नेऊन, सगळ्या वाटा त्याच लिफ्टपाशी येतात की एखादी भलत्याच दरीत उतरते, ते बघायचं. आणि शेवटी केसासारख्या बारीक आडव्या रेघा शोधायच्या. त्या कॅटवॉक, म्हणजे डोंगराच्या अंगावरून काढलेल्या सपाट, अरुंद वाटा. माझ्यासाठी त्या विसावा आणि नवऱ्यासाठी शिक्षा.

हे जरा खुलवून सांगते, कारण स्की आणि बोर्ड एकत्र असलेल्या घरांत भांडणं होतात ती इथेच. सपाटीवर माझ्याकडे दोन काठ्या असतात. मी ढकलत, पाय मारत पुढे सरकते. त्याचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. वेग संपला की तो उभा राहिलेला पुतळा. मग वाकून मागचा पाय सोडवा आणि एका पायाने ढकलत लंगडत चला. वेग टिकवायला फळी सपाट ठेवली तर कड रुतून तो तोंडावर किंवा पाठीवर आपटतो, आणि सपाटीवरची ती आपट उतारावरच्यापेक्षा जास्त लागते. दुसरं असं की त्याचा उजवा पाय पुढे असतो, म्हणजे तो जाताना डावीकडे तोंड करून जातो. डोंगर उजव्या हाताला असला तर तो निवांत टाचांवर टेकतो. डाव्या हाताला असला तर पूर्ण वाट चवड्यांवर, आणि पोटऱ्या पेटतात. हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून नकाशावर आडवी वाट दिसली की मी विचारते, “अरे, ही तुझी टाचेची की चवड्याची?” आणि बरोबर जाताना मी त्याच्या डावीकडून जाते, कारण उजवीकडे त्याची पाठ असते आणि पाठीला डोळे नसतात.

(काही ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. युटातलं आल्टा, डियर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन इथे बोर्डाला बंदीच आहे. एका मैत्रिणीने डियर व्हॅलीचं इतकं कौतुक केलं की मी नवऱ्याला न विचारता तारखा बघायला लागले होते. वेळेवर कळलं.)

मग आम्ही एकेक लिफ्ट तपासायला निघालो.

पहिली ब्रेकनरिजला, पीक सेव्हनवर. ब्रेकनरिज म्हणजे ओळीने पाच शिखरं, नुसते आकडे दिलेली, सहा ते दहा. दहाव्यावर बहुतेक काळं. नवव्यावर हिरवं बरंच, त्यामुळे गर्दीही तिथेच. आठव्याच्या वरच्या अंगाला मोठमोठे वाडगे, म्हणजे खोलगट उघडे उतार, आणि तिथे न्यायला टी-बार, म्हणजे बुडाखाली आडवा दांडा घेऊन उभ्याने ओढलं जायचं. आडवं उभं राहणाऱ्या बोर्डवाल्याला त्यावर पाहणं हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. आणि सातवं शिखर? इंडिपेंडन्स नावाची सहा जणांची वेगवान खुर्ची आणि तिच्याखाली नुसतं निळं. वायरपॅच, मॉन्टे क्रिस्टो, एंजल्स रेस्ट, कुठलीही वाट धरा. म्हातारबाबांनी सांगितलेली लिफ्ट जणू कोणी मापानं शिवून दिली होती.

गावातून फुकटचा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, थेट पीक सेव्हनच्या पायथ्याशी सोडतो. साडेआठला पहिल्या खुर्च्यांमध्ये होतो. माथ्यावर उतरून समोर बघितलं तर रात्री यंत्राने विंचरलेला बर्फ, बारीक समांतर रेघा, अजून कोणाचाही पाय न लागलेल्या. लहानपणी आई तेल लावून, बारीक कंगव्याने केस विंचरायची, भांग पाडायच्या आधी केसांत कंगव्याच्या ओळी उमटायच्या, अगदी तशा. त्यावरून पहिली स्की गेली की एक बारीक घर्रर्र आवाज येतो. कड बसली की तो आवाज बदलून सळसळ होते. आवाज बदलला नाही तर कड बसलेली नाही आणि आपण नुसते घसरतोय, हे मला त्या सकाळी कानांनी कळलं.

पीक सेव्हनची आणखी एक गंमत आहे. तिथला उतार एकसारखा नाही. लाटा असाव्यात तसा, उभा पट्टा, मग जरा सपाट पायरी, पुन्हा उभा. माझ्यासारखीला हे वरदान. उभ्यावर चार वळणं धीराने घ्यायची, पायरीवर श्वास घ्यायचा, नवरा कुठे आहे ते बघायचं. त्या पायऱ्या लांब नाहीत, त्यामुळे नवऱ्याचा वेगही मरत नाही. आम्ही दुपारपर्यंत तीच खुर्ची घेतली. लेकीला तिसऱ्या फेरीनंतर कंटाळा आला. तिला सांगितलं, जा, कुठलीही वाट घे, खाली याच खुर्चीपाशी भेट. तिथे ते सांगता येतं, कारण सगळ्या वाटा तिथेच येतात. मला कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मानेत गोळा आला नव्हता.

मग अर्थात शहाणपणा केला. शेजारी पीक सिक्स आहे, २०१३ साली उघडलेलं. झाडांच्या रेषेच्या वरचा उघडा वाडगा आणि तोही निळा. कोलोराडोत झाडांच्या वरचं बहुतेक सगळं काळ्या हिऱ्यांच्या मालकीचं असतं, त्यामुळे निळेवाल्यांना हे अप्रूप. केन्शो नावाच्या खुर्चीने बारा हजार फुटांच्या वर पोचलो आणि ढग आले.

झाडं असतात तेव्हा त्यांच्या सावल्यांमुळे बर्फाचा आकार दिसतो. वर झाड नाही, सावली नाही, आकाश पांढरं, जमीन पांढरी. इथे त्याला फ्लॅट लाइट म्हणतात. उंचवटा पायाखाली आल्यावरच कळतो. मी एके जागी थांबले आणि नवऱ्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, “थांबलोच आहे.” आणि माझ्यासमोरून हळूहळू, उभ्याचा उभा, खाली सरकत गेला. त्याला खरोखर वाटत होतं की तो थांबलाय. दहा फुटांवर कड रुतून पडला तेव्हा त्याला कळलं की आपण चाललो होतो. उतार सोपा होता, रंग बरोबर होता, आदल्या दिवशीच्या उन्हात आम्ही तिथे गाणी म्हटली असती. तेव्हापासून वर ढग दिसले की आम्ही झाडांतल्या वाटा सोडत नाही, मग वरचा वाडगा कितीही निळा असो.

कॉपर माउंटनबद्दल फार लिहायची गरज नाही, आणि हेच त्याचं कौतुक. तिथे निसर्गानेच वर्गवारी करून ठेवली आहे. पायथ्याशी उभं राहून डोंगराकडे बघितलं की उजवीकडे, पश्चिमेला, सोपं, मधे मध्यम आणि डावीकडे, पूर्वेला, अवघड. गावातल्या गल्ल्यांसारखं. आपण आपल्या गल्लीत राहायचं. मधल्या गावातून अमेरिकन फ्लायर किंवा अमेरिकन ईगल घ्यायची आणि जसजसे उजवीकडे सराल तसतसं सोपं होत जातं. मागे टिम्बरलाइन नावाची खुर्ची आहे, तिथल्या निळ्या वाटांवर आम्ही दोन अख्खे शनिवार काढले. डेन्व्हरच्या मंडळातली एक मैत्रीण पहिल्यांदाच निळ्यावर येणार होती, तिला मी इथेच नेलं. घाबरली तर उजवीकडे सरकून हिरव्यावर जाता येतं, लिफ्ट बदलून, बस पकडून असली यातायात नाही. तिने एकदाच विचारलं, “डावीकडे काय आहे गं?” म्हटलं, हाडवैद्य.

कीस्टोनने एक वेगळा धडा दिला. तिथे डोंगर एकामागे एक आहेत, पुढे डर्कम, त्यामागे नॉर्थ पीक, त्याच्या मागे आउटबॅक. डर्कमच्या माथ्यावरून स्कूलमार्म नावाची साडेतीन मैलांची हिरवी वाट पायथ्यापर्यंत येते. शिकणाऱ्यांची आवडती, म्हणून रविवारी तुळशीबाग. आम्ही निळ्यावाले म्हणून ऐटीत मागे नॉर्थ पीकला गेलो. स्टारफायर नावाची एक निळी वाट आहे, विंचरलेली असेल तर लोण्यासारखी. एक फेरी, दोन फेऱ्या, मन भरेना. पण घर पुढच्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि मागून पुढे यायचं तर रूबी नावाची खुर्ची किंवा गोंडोला पकडूनच डर्कमच्या माथ्यावर चढावं लागतं. तिथून उरलेला अख्खा डोंगर उतरायचा, थकलेल्या पायांनी, बाकीच्या सगळ्या थकलेल्यांबरोबर. आम्ही रूबीला लागलो तेव्हा ती बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. खाली येईपर्यंत माझ्या मांड्या लटलटत होत्या, आणि ज्या स्कूलमार्मकडे सकाळी नाक मुरडलं होतं तिच्यावरच मी तीनदा बसले.

म्हणून आता घरी नियम आहे. जेवणानंतर एक रंग खाली. सकाळी निळा, दुपारी हिरवा किंवा सकाळचाच ओळखीचा निळा. आणि अडीचनंतर पायथ्याकडे न जाणारी कुठलीही लिफ्ट घ्यायची नाही, कोणी कितीही ‘शेवटची एक’ म्हटलं तरी. ‘शेवटची एक’ म्हणणारा आमच्या घरात एकच आहे आणि त्याला वाकून मागचा पाय सोडवायला वेळ लागतो.

विंटर पार्कला आम्ही आगगाडीने गेलो, तो प्रवासच एक निमित्त होता. हिवाळ्यात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून सकाळी स्कीवाल्यांची गाडी सुटते, वळणं घेत डोंगर चढते आणि १९२८ साली सुरू झालेल्या सहा मैलांच्या मॉफट बोगद्यातून बाहेर पडते ती थेट उतारांच्या पायथ्याशी. कसारा घाटाच्या बोगद्यांत आम्ही लहानपणी ओरडायचो. मी इथेही ओरडायचं ठरवलं होतं, लेकीने डोळे वटारले. गाडीचा फायदा असा की महामार्गावरच्या शनिवारच्या रांगेतून सुटका, आणि तोटा असा की परतीची वेळ तुमच्या हातात नाही.

तिथे नकाशावर निळ्या आणि काळ्याच्या मधला निळा-काळा रंगही आहे. मला हे फार प्रामाणिक वाटलं. मेरी जेन नावाचा अर्धा डोंगर मोगलांसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे आम्ही लांबूनच मुजरा केला. त्या दिवशी ऊन लख्ख होतं, तेव्हा सहा जणांच्या पॅनोरमिक खुर्चीने पार्सेन बोल नावाच्या वाडग्यावर गेलो. पुन्हा झाडांच्या वर, पुन्हा बारा हजार फूट, पण या वेळी प्रत्येक उंचवट्याला सावली होती. नवऱ्याने तिथे आयुष्यातली सर्वांत मोठी, सर्वांत आळशी वळणं घेतली. खाली येऊन तो काहीच बोलला नाही, म्हणजे बघा.

मावसभावाने पुण्याहून फोन केला होता. त्याने गुलमर्गला दोन आठवड्यांचा सरकारी कोर्स केला, आता गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने वर जाऊ का, म्हणून. मी त्याला इथलेच प्रश्न विचारले. वरून निघणाऱ्या सगळ्या वाटा तुला जमतील? तिथे यंत्र फिरतं? दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटच्या खांद्यावर, विंचरलेलं काही नसतं, आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. तो भाग वाटाड्याबरोबर जाणाऱ्या तयार लोकांचा. म्हटलं, पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीला, दिवसभर मनसोक्त कर. तो जरा हिरमुसला. हिरमुसलेला परवडतो.

आता आमची आदल्या रात्रीची पद्धत ठरली आहे. कणीक भिजवून झाली की मी फोनवर रिसॉर्टचा ग्रूमिंगचा अहवाल उघडते. कुठल्या वाटांवर रात्री यंत्र फिरणार ते त्यात दिलेलं असतं. आमच्या लिफ्टखालच्या निदान तीन वाटा त्यात असल्या तर जायचं, नाहीतर लिफ्ट बदलायची. मग वारा. माथ्यावर जोराचा वारा असेल तर वरच्या खुर्च्या बंद राहतात आणि सगळी गर्दी खालच्यांवर येते. मार्चनंतर बर्फ रात्री गोठतो आणि दुपारी मऊ होतो, तेव्हा ज्या उतारावर सकाळचं ऊन आधी पडतं तिथून सुरुवात. सावलीतला उतार दहा वाजेपर्यंत फरशीसारखा असतो, आणि फरशीवर मध्यम कोणीच नसतं. हंगामाच्या पासचं गणित वेगळं. ब्रेकनरिज आणि कीस्टोन एपिक पासवर, कॉपर आणि विंटर पार्क आयकॉनवर, दोन्ही घ्यायचे तर घरातलं एखादं मूल गहाण टाकावं लागेल. आम्ही एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरा घेतो.

घरून सव्वापाचला निघतो. सप्टेंबर ते मे आय-सेव्हन्टी महामार्गाच्या डोंगराळ पट्ट्यात बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात, ते आधीच बघितलेलं. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे. त्याआधी लेकीने अर्धी बाटली पाणी प्यायलेलं असलं पाहिजे, नाहीतर दुपारी डोकं धरून बसते. डब्यात थालीपीठं. आता ती खुर्चीवर बसून खातो, बर्फात नाही. थंडीने ती कडक होतात, पण जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली तर दुपारपर्यंत मऊ राहतात.

गेल्या मार्चमधली एक दुपार. पीक सेव्हनचा शेवटचा दिवस, आमचा, त्या हंगामातला. लेक पुढे निघून गेलेली. आम्ही दोघं कॅटवॉकवर होतो. वाट नकाशात दिसली त्यापेक्षा लांब निघाली, बर्फ ओला होऊन चिकटायला लागलेला, आणि नवऱ्याचा वेग माझ्या डोळ्यांदेखत संपत आला. डोंगर डाव्या हाताला, म्हणजे चवड्यांची वाट. तो काही बोलला नाही, पण मला पोटऱ्या दिसत होत्या. मी त्याच्या पुढे गेले आणि काठी मागे धरली, मूठ त्याच्याकडे करून.

“धर.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. धर.”

त्याने धरली. मी दुसरी काठी रोवली आणि पाय मारायला लागले.

“जरा हळू,” तो मागून म्हणाला. “टाचेची वाट कधी येते?”

“पुढच्या वळणानंतर.”

“नक्की?”

“नकाशात तरी तसंच आहे.”